मासळीचा पिझ्झा

"तू तिकडे बस. वास येतोय."

साहेब हे मराठीत बोलले. टेबलावरच्या दोन इटालियन इंजिनियरना कळू नये म्हणून. मला मात्र नीट कळावं म्हणून.

इटलीतलं एक लहान गाव. तिथल्या कारखान्यात आमच्या कंपनीसाठी औषधाच्या गोळ्या पॅक करायचं मशीन बनत होतं. ते तपासायला तुर्भ्याहून आम्ही तिघं गेलो होतो. साहेब, माझ्याच हुद्द्यावरच्या मीनल मॅडम आणि मी. नव्वदचं दशक. आमच्या गावातली कुठली बाई तोवर विमानात बसली नव्हती. मी बसले होते.

संध्याकाळी तिथले इंजिनियर आम्हाला गावातल्या पिझ्झाच्या हॉटेलात घेऊन गेले. मोजकीच टेबलं, मागे पेटलेली विटांची भट्टी, पीठ थापणारी मालकीणबाई. मेनूतलं अक्षर कळेना. शेजारच्या माणसाच्या ताटात बघितलं तर पिझ्झ्यावर बारीक मासळी. मांदेलीएवढी. मला हसूच फुटलं. रोज साहेबांच्या बॅगेतल्या दशम्या आणि लोणचं खाऊन जीव विटला होता. मी बोट दाखवून तेच मागवलं.

पिझ्झा आला. खारट, गरम, कडेला करपलेला. एक घास खाल्ला. आणि साहेब बोलले.

मी उठले. ताट उचललं आणि दाराजवळच्या रिकाम्या टेबलावर जाऊन बसले.

उठायची सवय होती. आमचं गाव खाडीकाठचं, वाशीला लागून. भातशेती, मिठागर, सगळं नव्या शहरात गेलं. मग आई टोपली घेऊन वाशीच्या सोसायट्यांमध्ये मासळी विकायला जायची. शाळेला सुट्टी असली की मी बरोबर. ज्यांना पापलेट हवं असायचं तेच म्हणायचे, "जिन्याखाली थांबा. टोपली वर आणू नका." आई खाली उतरायची. तिच्या मागोमाग मी.

एका इंजिनियरने साहेबांना विचारलं, काय झालं? साहेब इंग्रजीत हसत म्हणाले, तिच्या घरचे मासे विकतात, तिला तिकडेच बरं वाटतं. पाहुणे हसले. मीनल मॅडम मालवणच्या. घरून सुरमईचा डबा आणला की अर्धा मला द्यायच्या. त्या संध्याकाळी त्यांनी भाजीचा पिझ्झा मागवला होता. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळं नेहमीसारखं. "मॅडम, तुम्ही जरा हे बघता का?" "अगं ए, तू ते धर." त्यांना अहो, मला अगं. हुद्दा एकच. रोज ऐकत होते. त्या दिवशी पहिल्यांदा कानाला लागलं.

मशीन सुरू होतं. गोळ्यांच्या पट्ट्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. माझं डोकं मात्र कालच्या ताटात अडकलेलं. आई जिन्याखाली थांबायची ती धंद्यासाठी. चूल पेटायला हवी म्हणून. मी कुणाला काय विकत होते? मी का उठले?

संध्याकाळी पुन्हा तेच हॉटेल. मालकीणबाईने पाच जणांचं टेबल लावलं होतं. साहेबांनी माझ्याकडे न बघता दाराकडे बोट केलं.

"तू तिथेच बस. कालच्यासारखी."

मी खुर्ची ओढली. त्यांच्या समोरच बसले.

"ऐकू आलं नाही का?"

"आलं. मी इथंच बसनार."

ऑफिसात मी ण जपून बोलायचे. चुकला तर लोक गालात हसतात म्हणून. त्या वेळी नाही जपला.

"वास सोसत नसंल तर तुमी उठा, सर."

मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाहुण्यांना सांगितलं. काल मी माझ्या मर्जीने गेले नव्हते. माझ्या ताटात मासे होते म्हणून यांनी मला उठवलं. कोणी हसलं नाही. मालकीणबाई ऑर्डर घ्यायला आली. मी तोच पिझ्झा मागवला. सगळा खाल्ला.

बाहेर पडताना मीनल मॅडम कुजबुजल्या, "कशाला वाढवलंस? दोन दिवसांचा तर प्रश्न होता."

मी म्हटलं, "तुमचा दोन दिवसांचा."

तुर्भ्याला परतल्यावर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पाहुण्यांसमोर कंपनीची बदनामी केली म्हणाले. कोरा कागद पुढे सरकवला.

"माफी लिहून दे. विषय संपला."

मी कागद परत सरकवला. माझी बढती व्हायची होती, ती मीनल मॅडमना मिळाली. मला मागच्या गोदामात टाकलं. पंखा नाही, बोलायला माणूस नाही. कंटाळून मी स्वतःच राजीनामा देईन असा त्यांचा हिशोब.

आईला सगळं सांगितलं. ती दारात कोळंबी सोलत बसली होती. हात थांबले.

"कोन होता तो तुला उठवनारा?"

मग पुन्हा सोलायला लागली. खाली मान घालूनच म्हणाली, "मी कदी नाय इचारला."

आई, तुला विचारायची सोय नव्हती. मला आहे. मी विचारणार. साहेबाला, सोसायटीच्या चेअरमनला, जो कोणी बोट करेल त्याला. राजीनामा देणार नाही. माफी लिहिणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं, आणि का काढलं ते चार लोकांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावं. ते सांगेपर्यंत मी रोज कामावर जाणार.