लाल फेटा

ट्रंकेतून लाल फेटा काढला, डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी थेट तरुणपणीच्या लोणावळ्यात, फुटबॉलच्या गोलात! रविवारचा सामना, रेल्वेवाले विरुद्ध आम्ही गाववाले. हरणाऱ्यांनी सगळ्यांचे चिखलाचे सदरे धुवायचे. बरोबरी होती, शेवटचं मिनिट. इंजिनड्रायव्हर सखारामभाऊ चेंडू घेऊन एकटेच माझ्यावर चालून आले. मी डोक्याचा फेटा उपसून आडवा धरला. भाऊ जागीच थांबले! चेंडू अलगद माझ्या हातात.

"लबाडा, ह्यो कसला खेळ रं?"

"पण भाऊ, तुमी थांबला कशाला?"

"लाल दिसल्यावर माजा पाय फुडं पडंल व्हय? रोज गाडी घाट उतरवतो मी!"

सामना बरोबरीत सुटला, सदरे धुवायला आपापल्या घरी गेले. मी महिनाभर माझ्या चलाखीवर खूश होतो.

आता गाडी खंडाळ्याचा घाट उतरू लागली, की बायको खिडकीचा गज घट्ट धरते. मी भाऊंना आठवून निवांत घोरतो.