चिठ्ठ्या पाठवणाऱ्या बायका

काल आयर्लंडमधल्या ॲथलोन गावी जुन्या पुस्तकांच्या दुकानात नातीनं एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश उघडला, आणि त्या दमट कागदाच्या वासासरशी मी कितीतरी वर्षांपूर्वीच्या डब्लिनमधल्या ग्रंथालयात जाऊन पोचलो.

तेव्हा मी एका व्हिक्टोरियन विद्वानावर पुस्तक लिहीत होतो. त्यानं जुनी इंग्रजी काव्यं शोधून छापली, म्हणून त्यांतले शब्द तेव्हा तयार होत असलेल्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात आले. त्या कोशासाठी ठिकठिकाणचे वाचक, बायकासुद्धा, घरबसल्या पुस्तकांतले शब्द टिपून त्याला चिठ्ठ्या पाठवत. माझी पत्नी सुधा शेजारी बसून त्याच्या प्रस्तावना वाचत होती. उंच खिडकीतून पावसानंतरचं फिकट ऊन तिच्या शालीवर उतरलं होतं, आणि त्यात धुळीचे कण सावकाश तरंगत होते.

"अहो," ती कुजबुजली, "या बाबानं चिठ्ठ्या पाठवणाऱ्या बायकांचीसुद्धा नावं छापलीत. मला कोशापेक्षा हेच मोठं वाटतं."

"तू आधी पान संपव."

"संपवते हो. पण माझं नाव छापाल ना?"

दोघंही हसलो. मला ती थट्टाच वाटली. आज आठवतं, हसून झाल्यावरही ती माझ्याकडे बघत राहिली होती.

माझ्या पुस्तकातलं सर्वांत वाखाणलं गेलेलं प्रकरण त्या बायकांवरचं आहे. ऋणनिर्देशात मी ग्रंथपालाचे, मुद्रकाचे, टंकलेखकाचेही आभार मानले. घरच्या माणसाचे कसले आभार, असं वाटलं. सुधानं ते पान दोनदा वाचलं आणि चहा टाकायला उठली.

आता ती नाही, आणि त्या पुस्तकाची नवी आवृत्तीही कोणी काढणार नाही. म्हणून इथं लिहितो: ते प्रकरण सुधाचं आहे.