नम्रताच्या वाटचा पेला

१९९१ साली विश्रांतवाडीतल्या त्या बैठ्या घरांच्या गल्लीत रंगीत टीव्ही एकाच घरी होता, प्रेमलाताईंच्या. त्यांच्या यजमानांनी, तात्यारावांनी, तो बुधवार पेठेतून रिक्षात मांडीवर धरून आणला होता. रविवारी सकाळी मुलांची मालिका लागली की गल्लीतली सगळी पोरं जमत. प्रेमलाताईंसारख्या बौद्धांची, मराठ्यांची, विदर्भातून आलेल्यांचीही.

मालिकेत भांडण सुरू झालं की प्रेमलाताई आवाज बंद करत. ज्या मुलाला जे पात्र आवडत नसे, त्याने त्याचीच बाजू बोलून दाखवायची, असा नियम. तात्याराव म्हणत, "मी बोलका टीव्ही आणला, हिने मुका केला."

एकदा मालिकेत पक्षी कावळ्याला वडावर बसू देत नव्हते. समोरच्या घरातल्या आठ वर्षांच्या नम्रताला कावळ्याची किळस, म्हणून पाळी तिची. ती म्हणाली, "मी घाण नाही. मला जवळून बघा तरी." बोलताना तिचे डोळे भरून आले. हातात मात्र घरून आणलेली पाण्याची बाटली घट्ट धरलेली. माठ शेजारीच होता. प्रेमलाताईंनी पेला पुढे केला, तशी ती सहज म्हणाली, "आई म्हणते, तुमच्याकडचं पाणी बाधतं."

त्यांनी पेला तिच्याजवळ ठेवून दिला. मुलांसमोर तिच्या आईला कमीपणा कशाला? एक दिवस पोर आपणहून पाणी मागेल, एवढीच आस धरून त्या दर रविवारी तिच्याजवळ भरलेला पेला ठेवत राहिल्या. दोन वर्षांत केबल आली, घरोघर टीव्ही झाले. पोरं यायची थांबली. नम्रताही.

त्यानंतर वीस वर्षांनी ती दारात उभी राहिली. खराडीला आयटीत नोकरी, तिकडेच नवा फ्लॅट, वास्तुशांतीचं आमंत्रण. सोबत चार वर्षांची लेक, राधा. प्रेमलाताईंनी दोन पेले आणले. नम्रताने पर्समधली बाटली दाखवली. "असू द्या काकू, आहे माझ्याकडे."

हल्ली सगळेच बाटली बाळगतात. विचारायचं तरी काय?

टीव्हीवर दोन मांजरं भांडत होती. प्रेमलाताईंचा हात सवयीने रिमोटकडे गेला. "हे काळं मांजर काय म्हणत असेल गं?" राधा बोलत सुटली. मांजराची अख्खी कैफियत मांडून झाली, घसा कोरडा पडला, तशी तिने समोरचा पेला उचलून घटाघटा संपवला.

नम्रता फोनवर बोलत होती. तिने पाहिलं की नाही, कळलं नाही. प्रेमलाताईंनी राधाचा पेला पुन्हा भरला. दुसरा तसाच होता. तो त्यांनी नम्रताच्या बाजूला जरा सरकवला आणि तिचा फोन संपायची वाट पाहत बसल्या.