एडनच्या काचा

एडनहून परतलेला माणूस पेटी उघडायला बसला की मांडवीतली निम्मी आळी त्याच्या ओटीवर जमायची. अत्तर, खजूर, रेशमी कापड, काही ना काही निघायचंच. अली होडेकरच्या पेटीतून मात्र काचा निघाल्या. खाचा पाडलेल्या लाकडी खोक्यांत एकेक उभी करून ठेवलेल्या, वहीच्या पानाएवढ्या, फोटोच्या काळसर काचा. त्यातली एक त्याने अलगद काढून उजेडाकडे धरली. त्याची बायको हफीजा वाकून बघू लागली. काचेवर सगळं उलटं उमटलेलं: आकाश काळं, आणि त्याखाली पांढराफटक उघडाबोडका डोंगर.

"ह्यात माणूस कुठाय?" तिने विचारलं.

"माणूस नाही. डोंगरच आहे," अली म्हणाला. बघायला आलेली माणसं हसत घरी गेली.

हे सव्वीस सालातलं. अली गेला होता खलाशी म्हणून, पण एडनला शिडीवरून पडला, पाय अधू झाला, आणि तिथल्या एका फोटोवाल्या शेठकडे सामान उचलायला राहिला. शेठ बोटींचे आणि साहेबलोकांचे फोटो काढी. अली घडीचा मोठा लाकडी कॅमेरा आणि तिपाई वाही. वाहता वाहता शिकला. शुक्रवारची नमाज झाली की कॅमेरा खांद्यावर टाकून, लंगडत लंगडत तो गावामागच्या डोंगरात जाई. गवताची काडी नाही, पाण्याचा थेंब नाही, नुसते भाजून काळे पडलेले कडे. माडांच्या सावलीत वाढलेल्या अलीला ते आधी भेसूर वाटले. मग त्यांची ओढच लागली. डोक्यावर काळं फडकं घेऊन, सावली कड्याच्या पोटात उतरायची वाट बघत तो बसून राही. एका काचेपायी सबंध दुपार जाई. शेठने धंदा आवरला तेव्हा जुना कॅमेरा त्याने अलीलाच दिला.

मांडवीला आल्यावर अलीने नारळांच्या खोलीची खिडकी काळ्या कागदाने बुजवली, लाल काचेचा कंदील टांगला आणि अंधारखोली केली. हफीजाचा धाकटा भाऊ फारुक हाताशी आला. अलीने त्याला सगळं शिकवलं, हातचं राखून काही ठेवलं नाही. काच कागदावर दाबून दिव्यापुढे धरायची, कागद औषधाच्या थाळीत सोडायचा, आणि पांढऱ्यातून डोंगर हळूहळू वर येताना श्वास रोखून बघायचं. मग धुणं. त्याला गोडं पाणी लागे, आणि मांडवीच्या विहिरी मचूळ. हफीजा वरच्या आळीतून हंडे भरून आणी. पोट भरे ते लग्नांच्या आणि मुंबईला निघालेल्या पोरांच्या फोटोंवर. डोंगरांचे फोटो कोणी मागत नसे. तरी पाऊस सरला की अली त्या काचा एकेक करून पुसून उन्हाला दाखवी.

एकतीस साली एडनहून बोलावणं आलं. नव्या फोटोच्या दुकानाला जाणता माणूस हवा होता. हफीजा नको म्हणाली. "दोन पावसाळे," अली म्हणाला. "येताना फोटोचा मोठा कागद आणीन. सगळे डोंगर नीट उतरवून काढू." निघताना त्याने फारुकचा हात धरून त्या खोक्यांवर ठेवला. "ओल लागू देऊ नको. दुसरं काही मागत नाही."

"अलीभाय, जीव गेला तरी बेहत्तर," फारुक म्हणाला.

दोनाचे तीन पावसाळे झाले. अली परतला तो कागदाचं जाडजूड पुडकं छातीशी धरून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंधारखोली उघडली. पहिल्या खोक्यात लग्नांच्या काचा जागच्या जागी होत्या. दुसऱ्यात खिळे, सरस आणि काच कापायचा हिरा. तिसरं रिकामं.

फारुक दारातच उभा होता. त्याने लपवालपवी केली नाही. "लोक तसबिरी मढवून मागायला लागले," तो म्हणाला. "मुंबईहून काच यायची ती फुटून. ह्या काचा घरात पडून होत्या. मी माणसांच्या काचांना हात लावला नाही, अलीभाय. दगडांच्याच धुतल्या."

अली खोक्याच्या खाचांवरून बोट फिरवत राहिला. मग त्याने धंद्यातलीच गोष्ट विचारली. "त्यावरचा थर असा सुटत नाही. कसा काढलास?"

"सोडा घालून. कढत पाण्यात."

"पाणी कोणी तापवलं?"

फारुकची नजर नकळत स्वयंपाकघराकडे गेली. फारुकचं कळूनही अली अजून उभा होता. आता मात्र तो उंबऱ्यावर खाली बसला.

हफीजा पदराला हात पुसत बाहेर आली. "मी तापवलं," ती म्हणाली. "चोरून नाही. समजून."

"त्या डोंगरांचे कागद धुवायला तूच पाणी वाहिलंस, हफीजा. तुझ्या हातचे होते ते."

"म्हणूनच. त्या काचा घरात होत्या तोवर तुमचं मन तिथंच होतं. वाटलं, त्या गेल्या की तुम्ही पुन्हा जाणार नाही." तिने नजर वळवली नाही. "माफी मागायची तर मागते. पण मला ते डोंगर नको होते."

अलीने तिच्यावर हात उगारला नाही. तो चार-सहा दिवस बाजारात, ओळखीपाळखीच्या घरांत हिंडला. तसबिरींच्या काचा स्वच्छ होत्या. कुणाच्या काचेमागे मक्का-मदिना, कुणाच्या काचेमागे गणपती. गोदा वाणिणीच्या दुकानात मात्र एका तसबिरीच्या कोपऱ्यात नखाएवढा करडा डाग राहिला होता. कुठल्या कड्याचं ते टोक, हे त्याने बघताक्षणी ओळखलं. गोदा म्हणाली, "डाग दिसतोय होय? पुसून देते हो." आणि पदर ओला करायला लागली. "राहू दे," एवढंच बोलून तो पायरी उतरला.

तो पुन्हा एडनला गेला नाही, तेव्हा हफीजाला हवं होतं ते झालं म्हणायचं. फारुकने बाजारपेठेत स्वतःचं दुकान थाटलं. ईदेला येई, अली गळाभेट घेई, शिरखुर्मा पुढे करी, आणि हवापाण्याखेरीज बोलत नसे. पुढे चैत्र-वैशाखात, गावावरचा उघड्या कातळाचा सडा तापून काळा पडला की, अली कॅमेरा घेऊन एकटाच तिकडे जाऊ लागला. ह्या नव्या काचाही दगडांच्याच. पण आता अंधारखोलीला कुलूप असे. उभ्या जन्मात त्या घरात कुलूप लागलं नव्हतं. किल्ली अलीच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली. झोपेतही तो कुशीवर वळला की त्याचा हात आधी किल्लीवर जाई. शेजारी पडलेली हफीजा ते बघत जागी असे.