साबुदाण्याचे तीन शुक्रवार

हसू नका म्हटलं तर तुम्ही जास्तच हसाल, म्हणून आधी हसून घ्या, मग ऐका. चौतीस वर्षं वैरागकडच्या एका शाळेत मास्तरकी केलेला माणूस आठ-आठ वर्षांच्या पोरांसमोर कसा तोंडघशी पडला, ते सांगतो.

बायको गेली आणि मी सोलापुरात मुलाकडे राहायला आलो. रविवारी तर घर अगदी खायला उठायचं. शेजारच्या मेरीबाईंबरोबर एकदा चर्चमध्ये जाऊन बसलो, आणि खरं सांगतो, कितीतरी महिन्यांनी जिवाला बरं वाटलं. मग जातच राहिलो. शेवटी एकदा धीर करून फादरांना म्हणालो, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

"घाई नको, गुरुजी," फादर म्हणाले. "आधी धर्मशिक्षण. वर्षभर शिका. ईस्टरच्या आधी मी तोंडी परीक्षा घेईन, मग ठरवू."

आता मोठ्या माणसांत नवशिका मी एकटाच. म्हणून धर्मशिक्षण देणाऱ्या सिस्टरांनी मला पोरांच्याच रविवारच्या वर्गात बसवलं. त्या बाकावर माझे गुडघे हनुवटीला टेकायचे! पण शिकत होतो.

मग ईस्टरआधीचे ते चाळीस दिवस सुरू झाले, उपवासाचे, प्रायश्चित्ताचे. पहिल्याच रविवारी सिस्टरांना फोन आला. "गुरुजी, पाच मिनिटं पोरांकडे बघा हं."

बघा म्हणाल्या, शिकवा नाही म्हणाल्या. पण समोर पोरं, फळ्यापाशी खडू. मास्तर गप्प बसतो होय?

रोझीनं हात वर केला. वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी ती. "गुरुजी, शुक्रवारी उपास असतो न्हवं? मग काय खायचं न्हाय?"

उपास! अहो, यात मला कोण शिकवणार? जन्मभर सोमवार, चतुर्थी, एकादशी केलेल्या. फळ्यावर दोन रकाने आखले. चालतं: साबुदाणा, भगर, रताळं, शेंगदाणे. चालत नाही: भाकरी, भात, कांदा, लसूण. पाढ्यांसारखं घोकून घेतलं, आणि सवयीनं फळा पुसूनही टाकला. सिस्टर आल्या तेव्हा वर्ग कसा चिडीचूप.

तीन शुक्रवार गेले. त्यानंतरच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, संपली, तर रोझीची आई फादरांपुढे उभी.

"फादर, पोरगी भाकरीला हात लावंना! साबुदाणाच पायजे म्हणती, वर तूप. शुक्रवारचं सोडा, आता रोजच उपास हाय म्हणती की!"

तिच्यामागे आणखी तीन आया. मी हळूच वर्गात जाऊन माझ्या बाकावर बसलो.

फादर तडक वर्गात आले. "सांगा बघू, शुक्रवारी काय खायचं नाही?"

"भाकरी! भात! कांदा! लसूण!" पोरं एका सुरात.

"आणि मटण?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या बाकावरून आवाज आला, "मटण साबुदाण्यात घालत न्हाईत, फादर."

"हे कुणी शिकवलं?"

सगळी बोटं माझ्याकडे!

"गुरुजी," फादर अगदी शांतपणे म्हणाले, "आपल्याकडे शुक्रवारी मटण सोडतात. भाकरी खुशाल खायची. उपवास म्हणजे जेवण कमी करायचं, आणि वाचेल ते उपाशी माणसाला द्यायचं. तुम्ही परवा काय खाल्लंत?"

चर्चच्या आवारात खोटं कसं बोलू? "खिचडी," मी म्हणालो. "रताळ्याचा कीस. बटाट्याची भाजी. दोन लाडू..." एकादशी दुप्पट खाशी म्हणतात तशी यादी लांबतच गेली. "आणि केळं."

"अहो, एवढं मी ईस्टरला पण खात नाही!"

गेला आपला बाप्तिस्मा, असं वाटून मी वही मिटून उठायला लागलो. फादरांनी ते ओळखलं असावं. हसून म्हणाले, "परीक्षा होणार तुमची. पण मी नाही घेणार. रोझी घेईल. ती पास म्हणाली तर माझी ना नाही."

पुढच्या रविवारी रोझी खुर्चीत आणि मी हाताची घडी घालून उभा. एकेक उत्तर तिनं नीट ऐकलं, मान हलवली. "पास!" म्हणाली. मला तर रडूच येणार होतं. मग तिनं माझी वही ओढली आणि शेरा लिहिला. शेकडो पोरांच्या प्रगतिपुस्तकांत मी स्वतः लिहिलेला, तोच:

"हुशार आहे. वर्गात बडबड फार."