साहेबांचं अक्षर

आमच्या साहेबांना स्वतःच्या अक्षराचं भारी कौतुक. वहीपुरतं होतं तोवर ठीक होतं, पण त्यांनी त्याचा फॉन्ट करवून घेतला आणि फर्मान सोडलं, "ॲपच्या प्रत्येक पानावर, वरच्या पट्टीत, हेच अक्षर!"

ॲप होतं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. एक पान 'औषध घेतलं', दुसरं 'मदत हवी'. खालचं बटण दोन्हीकडे सारखंच, गोल आणि हिरवं, कारण साहेबांना साधेपणाचं वेड. म्हणजे आपण कुठल्या पानावर आहोत हे कळायला वरची पट्टी तेवढी. आणि तिथे हे अक्षर! कोंबडीचे पाय बरे.

ॲप तपासायचं काम माझं. मी म्हटलं, "साहेब, हे वाचता येत नाही हो."

"वाचायचं नसतं ते," साहेब डोळे मिटून म्हणाले. "जाणवायचं असतं."

घ्या! ऑफिसातल्या चित्रकारानं लगेच मान डोलावली. हिशेबनीसबाईंच्या तर म्हणे अंगावर काटा आला. पगारवाढीचे दिवस होते, काटा येणारच. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्हाला सौंदर्यदृष्टीच नाही." नसेल बापडी. डोळे तरी आहेत.

तयार झालेलं ॲप साहेबांनी सगळ्यात आधी, मोठ्या हौसेनं, आपल्या आईच्या फोनमध्ये टाकलं. आई पलीकडच्या गल्लीत एकट्याच राहायच्या. त्याच आठवड्यात त्या बाथरूममध्ये घसरून पडल्या. फोन गळ्यातच अडकवलेला होता, पण सकाळच्या गोळीपासून औषधाचंच पान उघडं होतं. त्यांनी बटण दाबलं. ॲप म्हणालं, 'शाब्बास! औषध घेतलंत.' पुन्हा दाबलं, पुन्हा शाब्बास. बिचाऱ्या कण्हत दाबत राहिल्या आणि हे मेलं शाब्बासकी देत राहिलं. शेजारणीनं आवाज ऐकला म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. भेटायला कसली, साहेबांना चार शब्द सुनवायलाच गेले होते. आईंचा पाय प्लास्टरमध्ये, साहेब उशाशी.

"बटण दाबलं रे मी," आई सांगत होत्या. "पण वर काय लिहिलंय ते लागेचना मला. कुणाचं रे ते अक्षर?"

साहेब चादरीच्या सुरकुत्या काढत बसले.

"बरं, असो. ज्याचं असेल त्याला फार बोलू नकोस हं," आई म्हणाल्या. "लहानपणी घरात कुणी जवळ बसवून गिरवून घेतलं नसेल बिचाऱ्याकडून."