एकाच नंबराची दोन बिलं

लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं, त्या उन्हाळ्यात मी पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या एका दुकानात बिलं करायला होते. टँकर कधी येईल याचा भरवसा नव्हता आणि आला की साठवायला घरात काहीतरी हवं, म्हणून टाक्यांवर गिऱ्हाईक तुटून पडलं होतं. मी चाकूरहून रोज एसटीनं यायची. निघण्याआधी गल्लीतल्या रांगेत उभं राहून घागरी भरून ठेवायच्या, मग बस. दुकानातल्या खुर्चीत बसेपर्यंतच अंगातलं निम्मं बळ संपलेलं असायचं.

बिलं करणारे आम्ही दोघं, मी आणि मुनीमकाका. काका दुकानात लागले तेव्हा लातूर जिल्हा नुकताच झाला होता. छापलेल्या बिलबुकांवर ‘जि. उस्मानाबाद’ होतं आणि मालकांचे वडील नवी बुकं छापायला तयार नव्हते. काकांनी एकेका पानावरचं उस्मानाबाद पेनानं खोडून लातूर लिहिलं होतं. हे ते मला अनेकदा सांगायचे. बिलबुकावर नंबर छापूनच यायचा. कॉम्प्युटर आल्यावर मात्र शीटमध्ये तो हातानं टाकावा लागे. मी जेवायला उठले की काका माझ्या जागी बसायचे.

एका दुपारी एक माणूस बिल घेऊन आला, सोबत बायको होती. टाकी नेऊन महिना झाला नव्हता आणि बुडाला तडा गेला होता. मी बिलाचा नंबर शीटमध्ये शोधला. चारशे अठरा. समोर एका वसतिगृहाचं नाव आलं, तिथंच मी थांबले.

“हे बिल दुसऱ्याच्या नावावर आहे,” मी म्हणाले.

“आसं कसं? शिक्का तर तुमचाच हाय की.”

“शिक्का असेल. नंबर जुळत नाही.”

“मी काय खोटं बोलायलो का, म्याडम?”

त्याच्या मागं पाच-सहा माणसं खोळंबली होती. मालक असतील तेव्हा या, असं मी सांगितलं. तो तिथंच उभा राहिला. शेवटी बायकोनं त्याच्या हातातलं बिल घेतलं, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, “चला, बस जाईल.” ते गेले. खरं सांगायचं तर मला तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं.

दुकान बंद करायच्या आधी काका गोदामाचं रजिस्टर शीटशी ताडून बघत होते. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“ताई, चारशे अठरा दोनदा हाय.”

मी वाकून पाहिलं. खाली, बऱ्याच ओळींनंतर, त्या माणसाचं नाव होतं. गावही होतं.

“दुसरं मीच केलंय. तुमी जेवायला गेलावता तवा,” काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. “बिलबुकात असं कधी झालं न्हाई.”

मी त्यांना दुपारचं सगळं सांगितलं.

मालकांनी दुसऱ्या दिवशी ऐकून घेतलं. आरडाओरडा केला नाही. “त्याला टाकी बदलून द्या. आणि नंबर आपोआप पडला पाहिजे,” एवढंच म्हणाले. मी बसमध्ये मोबाईलवर व्हिडिओ बघून एक सूत्र शिकले. ओळ कितवी आहे त्यावरून नंबर पडायचा. दोन दिवस छान चाललं. मग एक बिल रद्द झालं, मी ती ओळ काढून टाकली आणि खालचे सगळे नंबर एकेकानं कमी झाले. छापून दिलेल्या बिलांवर एक नंबर आणि शीटमध्ये दुसराच. डोकं धरून बसले. काकांनी दुकानात ठेवलेल्या बिलांच्या कार्बन प्रती एकेक वाचून दाखवल्या आणि मी आकडे पुन्हा भरले. त्यानंतर सूत्र बदललं. आधीच्या नंबरांतला सगळ्यात मोठा शोधून त्यात एक मिळवायचा, बिल छापलं की सूत्र पुसून नुसता आकडा ठेवायचा. रद्द बिलाची ओळ काढायची नाही, तिच्यापुढं ‘रद्द’ लिहायचं.

त्या माणसाचं गाव माझ्याच रस्त्यावर होतं. फोन नंबर कुणी लिहून घेतला नव्हता. शनिवारी परतताना मी मधेच उतरले. विचारत विचारत घर सापडलं. तो नव्हता, बायको होती. तिनं मला लगेच ओळखलं. अंगणात ती टाकी आडवी पडली होती आणि आत कडबा भरून ठेवला होता.

“चूक आमची होती,” मी म्हणाले. “मी नीट बघितलं नाही. नवी टाकी पाठवतोय.”

“आता काय करावं तिला?” ती म्हणाली. “टँकरच येईना गावात.” मग म्हणाली, “त्येन्ला लई लागलं. लोकांसमोर खोटं ठरवलं म्हणून दोन दिस जेवले न्हाईत.”

तिनं तांब्याभर पाणी आणलं. मी दोन घोट घेतले आणि परत दिला.

टाकी सोमवारी टेम्पोनं गेली, सोबत काका गेले. मी त्यांना जायला सांगितलं नव्हतं. परत आल्यावर म्हणाले, “मी हात जोडले त्याला. त्यानं चहा पाजला.”

शीट त्यानंतर बिनचूक चालली. मी जेवायला उठले की दुकानातलं कुणीही बसून बिल काढायचं, त्यामुळं काकांची तिथं गरज उरली नाही. मालकांनी त्यांना गोदामावर बसवलं, पगार तोच ठेवला. दसऱ्यानंतर गुडघे दुखतात म्हणून त्यांनी यायचं बंद केलं. त्यांना जा असं कुणीच म्हटलं नव्हतं. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलाशी आले, स्क्रीनकडं थोडा वेळ बघत राहिले. “चांगलं केलंत, ताई,” म्हणाले, आणि चपला घालायला बाहेर गेले.